श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र आणि रॉक : येसच्या ८१ मिनिटांकडे परत वळताना

गणपतीच्या पूजेला बसलेल्या प्रत्येकाच्या कानावरून 'श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं' हा लांबलचक शब्द गेलेला असतो. गुरुजी तो एका दमात म्हणतात, यजमान पळीभर पाणी ताम्हनात सोडतो आणि पूजा पुढे सरकते. आता त्या शब्दातली पहिली तीन नावं घ्या, शेवटी 'तंत्र' जोडा आणि प्रत्येकाच्या वाट्याला तबकडीची एक अख्खी बाजू द्या. १९७३ साली येस नावाच्या इंग्लिश रॉक बँडने नेमकं हेच केलं. अल्बमचं नाव 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. दोन तबकड्या, चार बाजू, चारच रचना, मिळून ८१ मिनिटं.

ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत सहाव्या. तरीही समीक्षकांनी त्याला झोडपलं आणि बँडच्या कीबोर्डवाल्याने त्याच्या दौऱ्यानंतर बँड सोडला. पुढे कितीतरी वर्षं, रॉकवाल्यांच्या डोक्यात हवा गेली की काय होतं याचं उदाहरण द्यायचं झालं की हाच अल्बम पुढे केला जाई. आज पन्नाशी उलटून गेल्यावर चाहते पुन्हा त्याच्याकडे वळताना दिसतात. काही जण 'आम्ही तेव्हाच सांगत होतो' म्हणतात, काही जण नव्याने ऐकून चकित होतात, आणि काही जणांना तो आजही तितकाच कंटाळवाणा वाटतो.

असं का झालं असावं, ते समजून घ्यायला थोडा इतिहास, थोडं तबकडीचं यंत्रशास्त्र आणि थोडा संगीताच्या रचनेचा विचार लागतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. या अल्बमचं घोडं पेंड खातं ते अध्यात्मात नव्हे, मिनिटांच्या हिशेबात.

बँड आणि काळ

येस १९६८ साली लंडनमध्ये उभा राहिला. तेव्हा रॉकमध्ये एक प्रवाह जोर धरत होता, त्याला पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायला लागले. तीन मिनिटांचं गाणं, दोन कडवी, एक ध्रुवपद, मध्ये गिटारचा तुकडा, हा साचा या मंडळींना अपुरा वाटत होता. त्यांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासारख्या लांब रचना करायच्या होत्या, ताल मध्येच बदलायचे होते, एकच चाल वेगवेगळ्या वेषांत पुन्हा आणायची होती. नवी वाद्यंही हाताशी होती. मेलोट्रॉन हे त्यातलं सगळ्यात गमतीचं. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि तिच्यावर व्हायोलिनचा किंवा कोरसचा खराखुरा स्वर ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते, आठेक सेकंदांत संपते, बोट उचललं की मागे जाते. एका माणसाने वाजवलेला, किंचित थरथरता, भुताटकीसारखा ऑर्केस्ट्रा.

१९७२च्या 'क्लोज टू द एज' या अल्बममध्ये येसने तबकडीची एक बाजू एकाच रचनेला दिली होती. ती रचना चाहत्यांनी आणि समीक्षकांनीही डोक्यावर घेतली. एक बाजू जमली, मग चार का नाही जमणार, असा मोह कुणालाही पडला असता. त्याच सुमारास ड्रमर बिल ब्रूफर्ड किंग क्रिमसन या बँडकडे गेला आणि त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला. गायक जॉन अँडरसन, गिटारवर स्टीव्ह हाऊ, बासवर ख्रिस स्क्वायर, कीबोर्डवर रिक वेकमन. 'टोपोग्राफिक' करणारे पाच जण हेच.

एक तळटीप

मार्च १९७३मध्ये ब्रूफर्डच्या लग्नाच्या मेजवानीत अँडरसनला किंग क्रिमसनचा तालवादक जेमी म्युअर भेटला. गप्पांमधून परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राचा विषय निघाला. मूळ इंग्रजी पुस्तक १९४६चं. मराठीत ते 'योगी कथामृत' या नावाने वाचलं जातं. पश्चिमेतल्या संगीतकारांना योगानंद तेव्हा अनोळखी नव्हते. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या मुखपृष्ठावरच्या गर्दीत ते आहेत, त्यांचे गुरू युक्तेश्वर आहेत, लाहिरी महाशयही आहेत.

त्याच महिन्यात येस जपानच्या दौऱ्यावर गेला. टोकियोच्या हॉटेलात पुस्तक वाचताना अँडरसन ८३व्या पानावरच्या एका तळटिपेपाशी थांबला. शास्त्रांचे चार वर्ग आहेत, श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र, आणि धर्मापासून कायदा, वैद्यक, वास्तुकला, कलांपर्यंत आयुष्याची सगळी अंगं त्यांत येतात, इतकीच माहिती तिथे दिली आहे. अँडरसन बराच काळ एखाद्या मोठ्या रचनेसाठी विषय शोधत होता. चार वर्ग, चार बाजू. हिशेब आपोआप जुळला.

आपल्याकडच्या वाचकाला इथे हसू येणं साहजिक आहे. ज्या वाङ्मयापुढे पंडितांची आयुष्यं संपली ते एका तळटिपेवरून रॉक अल्बममध्ये! हसून झालं की एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. हा अल्बम शास्त्रं समजावून सांगण्याचा दावा करत नाही. अँडरसनने वेद वाचले नव्हते, मनुस्मृती नाही, अठरा पुराणंही नाहीत. त्याने फक्त त्या चार नावांचे ढोबळ अर्थ उचलले. श्रुतीपासून साक्षात्कार आणि सृष्टीची पहाट. स्मृती म्हणजे आठवण, म्हणून दुसऱ्या बाजूचं नाव 'द रिमेंबरिंग'. पुराण म्हणजे जुनं, म्हणून तिसरी बाजू 'द एन्शंट'. आणि तंत्रावरून 'रिच्युअल', म्हणजे विधी. अल्बमच्या आतल्या मजकुरात 'स्मृती'चं स्पेलिंगही चुकून 'सुरिती' असं काहीतरी झालं आहे. रागाची चौकट इथे नाही, आपल्याकडचे तालही नाहीत. तिसऱ्या बाजूत निरनिराळ्या भाषांतले सूर्यवाचक शब्द एकामागून एक म्हटले जातात, त्यात 'धूप' ऐकू येतो तेव्हा आपल्याला पटकन उदबत्तीशेजारचा धूप आठवतो, तेवढाच काय तो घरचा वास.

म्हणून भारतीय तत्त्वज्ञानाच्या बाजूने हा अल्बम तपासायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. शब्दांचा सरळ अर्थ लावत बसलं तरी तेच. अँडरसन शब्द त्यांच्या नादासाठी वापरतो. वाक्य पूर्ण होईलच याची खात्री नसते. तळटिपेने दिला तो फक्त सांगाडा, आणि त्या सांगाड्याला खोल्या चारच होत्या.

तबकडीचा हिशेब

इथे जरा थांबून लाँग प्ले तबकडीचं यंत्रशास्त्र पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यातून निघतो.

बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते. तिच्यावर बाहेरच्या कडेपासून मध्यापर्यंत जाणारी एकच लांब खाच असते आणि सुई त्या खाचेतल्या वळणांवरून ध्वनी उचलते. आवाज मोठा असेल, विशेषतः बास किंवा ढोलासारखा खर्जातला, तर वळणं रुंद होतात आणि खाचेला जास्त जागा लागते. एका बाजूत जास्त मिनिटं बसवायची तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, त्यासाठी एकूण आवाज उतरवावा लागतो. दुसरी अडचण अशी की सुई मध्याजवळ जाते तसा फेरा लहान होतो, म्हणजे प्रत्येक सेकंदाला खाचेची कमी लांबी वाट्याला येते, आणि बारीक, तीक्ष्ण स्वर धूसर होतात. या सगळ्यातून साधारण १८ ते २२ मिनिटं ही बाजूची सोयीची मर्यादा ठरून गेली. आपल्याकडे लाँग प्लेवर राग ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मैफलीत तासभर रंगणारा राग तबकडीवर वीसेक मिनिटांत आटपावा लागे.

गायकाला तिथे राग आवरता घ्यावा लागायचा. येसच्या बाबतीत निम्मी गोष्ट तशीच आहे. पहिली बाजू सुरुवातीला २८ मिनिटांची झाली होती, ती कापून २०वर आणली. उरलेली निम्मी गोष्ट बरोबर उलटी. चार बाजू भरायच्याच असं आधी ठरल्यामुळे काही ठिकाणी कमी मजकूर जास्त जागेत पसरावा लागला. वेकमनची तक्रार हीच होती आणि ती तो आजवर सांगत आलेला आहे: एका तबकडीला जास्त, दोन तबकड्यांना कमी असं साहित्य होतं, म्हणून मध्ये भरताड घातलं. काही फार सुंदर जागा आहेत हे तोही मान्य करतो. त्याचा राग भरताडावर आहे.

मला ही तक्रार अल्बमवर आजवर झालेल्या सगळ्या टीकेत सर्वात नेमकी वाटते. 'हे लोक स्वतःला काय समजतात' छापाची टीका बाकीच्यांनी केली. ती ऐकायला चुरचुरीत असते, पण तिच्यातून काही कळत नाही.

स्टुडिओतलं गवत

अँडरसन आणि हाऊ यांनी दौऱ्यावर असतानाच, हॉटेलच्या खोल्यांमध्ये मेणबत्त्या लावून, रचनेचा आराखडा बांधला. अमेरिकेतल्या सवाना गावी तर ते रात्रभर बसले आणि सकाळी सातच्या सुमारास चारही भागांचा ढाचा तयार होता. म्हणजे बाकीच्या तिघांपर्यंत कल्पना पोहोचली तेव्हा घराच्या भिंती उभ्या होत्या. या तिघांपैकी स्क्वायर आणि व्हाइट यांनी त्यात आपापली जागा शोधली. वेकमनला ती सापडली नाही.

ध्वनिमुद्रण लंडनच्या विल्सडन भागातल्या मॉर्गन स्टुडिओत झालं. अँडरसनच्या मनात होतं की रात्री जंगलात जाऊन मुद्रण करावं. ते काही जमलं नाही, तेव्हा स्टुडिओतच शेताचा देखावा उभा राहिला. गवताच्या पेंढ्या आल्या, लाकडी कुंपण आलं, पुठ्ठ्याच्या गायी आल्या. अँडरसनला न्हाणीघरात गाताना आवाज जसा घुमतो तसा घुमायला हवा होता, म्हणून फरशा बसवलेला एक कोपराही तयार केला गेला. शेजारच्या स्टुडिओत ब्लॅक सॅबथ आपला अल्बम करत होते. वेकमन कंटाळला की तिकडे जाऊन बसायचा. त्यांच्या एका गाण्यात त्याने कीबोर्ड वाजवला आणि मोबदल्यात बिअर घेतली. मिक्सिंग संपल्यावर सहनिर्माता एडी ऑफर्ड टेपा गाडीच्या टपावर ठेवून किल्ल्या शोधत बसला, तसाच गाडी घेऊन निघाला आणि टेपा रस्त्यावर पडल्या, अशीही आठवण सांगितली जाते. समोरून येणारी बस थांबवून त्या वाचवाव्या लागल्या.

असे किस्से ऐकून अल्बमबद्दल आधीच मत बनतं. पुठ्ठ्याच्या गायींसमोर बसून वेदांवरचं रॉक! या अल्बमला त्याच्या संगीताइतकंच त्याच्या किश्श्यांनीही बदनाम केलं.

त्यातला सर्वात गाजलेला किस्सा मँचेस्टरचा. फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम चालू होता. वेकमनला बराच वेळ काही वाजवायचंच नव्हतं. त्याचा तंत्रज्ञ ऑर्गनखाली पडून राहायचा, काही बिघडलं तर दुरुस्त करायला. त्याने विचारलं, कार्यक्रमानंतर काय बेत आहे? वेकमन म्हणाला, करी खायची. कुठली कुठली, तेही सांगितलं: चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बाँबे आलू, भरला पराठा. तंत्रज्ञाला वाटलं, आत्ताच मागवतोय. थोड्या वेळाने वास दरवळला. पाकीट वेकमनच्या हाती आलं आणि तो कीबोर्डवरच मांडून जेवायला बसला. बँडमधले बहुतेक जण तेव्हा शाकाहारी झालेले. शास्त्रांवर बेतलेला अल्बम मंचावर चाललाय आणि त्याच मंचावर मूळच्या गोव्याच्या विंदालूचा घमघमाट, हा योग जुळवून आणणं कुणा लेखकाला जमलं नसतं.

मे १९७४मध्ये वेकमनने बँड सोडला. गंमत म्हणजे त्याच महिन्यात त्याचा स्वतःचा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तोही काही साधासुधा नव्हता. ऑर्केस्ट्रा, कोरस, निवेदक असा सगळा थाट. तेव्हा लांबलचक भव्यतेवर वेकमनचा मूळचा आक्षेप होता असं म्हणता येत नाही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांची अडचण

अल्बम डिसेंबर १९७३मध्ये बाजारात आला. निव्वळ आगाऊ मागणीवर ब्रिटनमध्ये 'गोल्ड' (ठरावीक मोठ्या विक्रीचा शिक्का) ठरलेला तो पहिला अल्बम. पण बँडचा दौरा नोव्हेंबरमध्येच सुरू झाला होता, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये तर ओळीने प्रयोग झाले. त्या प्रेक्षकांनी 'क्लोज टू द एज' ऐकलं, आणि मग कधीही न ऐकलेली ऐंशी मिनिटं सलग ऐकली.

हे का अवघड आहे? लांब रचना कानाला समजते ती ओळखीच्या खुणांवर. एखादी चाल सुरुवातीला येते, मग वीस मिनिटांनी वेगळ्या वाद्यावर, वेगळ्या वेगात परत येते. पहिली चाल लक्षात असेल तरच दुसऱ्या वेळी 'अरे, ही तीच' असं होतं, आणि त्या ओळखण्यातच लांब रचनेचा आनंद असतो. एकदाच ऐकणाऱ्याला खुणा दिसतच नाहीत. त्याला एकामागून एक तुकडे जाताना दिसतात. 'टोपोग्राफिक' तर चार बाजूंमध्ये धागे फिरवतं. चौथ्या बाजूच्या सुरुवातीला आधीच्या बाजूंमधल्या चाली झरझर येऊन जातात, हाऊ तर येसच्या जुन्या रचनांचेही संदर्भ गिटारवर पेरतो. आधीच्या तीन बाजू पाठ असणाऱ्यालाच त्यातली मजा.

दैनिका-साप्ताहिकांच्या समीक्षकांना तर ती सवड कधीच नसते. त्यांनी दोन-चारदा ऐकून लिहिलं आणि जे लिहिलं ते पहिल्या ऐकण्याचं खरं वर्णन होतं. १९७६-७७च्या सुमारास पंक आलं, तीन स्वरमेळांची (कॉर्ड्सची) आणि दोन मिनिटांची गाणी आली, आणि जुन्या मंडळींवर दगड मारायचा तर हा अल्बम हाताशी होताच.

चार बाजू, आज ऐकताना

पहिली बाजू, 'द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड', मला चारही बाजूंमध्ये सर्वात नीट बांधलेली वाटते. सुरुवातीला आवाज जवळजवळ मंत्र म्हटल्यासारखे येतात, एका पट्टीत, शब्दावर शब्द रचत, हळूहळू संख्या आणि जोर वाढवत. मग वाद्यं फुटतात आणि मुख्य चाल येते. ती चाल आणि आणखी एक ध्रुवपदासारखा चरण पुढे वारंवार भेटतात, त्यामुळे रस्ता चुकत नाही. शेवटाकडे वेकमनचा सिंथेसायझर मोकळा सुटतो. भरताडाबद्दल कुरकुरणारा माणूस इथे मन लावून वाजवतोय हे लपत नाही.

दुसरी बाजू, 'द रिमेंबरिंग', संथ आहे. मेलोट्रॉन आणि सिंथेसायझरचे थर, स्क्वायरचा पडदे नसलेला बास, हळूहळू चढणाऱ्या आणि ओसरणाऱ्या लाटा. इथेच अनेकांचा धीर सुटतो. दौऱ्यातही पुढे हीच बाजू गाळली गेली. चाहत्यांच्या मतांत सर्वात मोठा बदलही मला याच बाजूबद्दल दिसतो. विशीत ऐकताना 'काहीच घडत नाही' म्हणून टाकलेली ही बाजू पन्नाशीत अनेकांची आवडती झालेली असते. यातल्या एका भागात 'रिलेयर' हा शब्द येतो. बँडने १९७४च्या पुढच्या अल्बमला तेच नाव दिलं.

तिसरी, 'द एन्शंट', सर्वात खडबडीत. व्हाइटची तालवाद्यं, हाऊची घसरती स्टील गिटार, तुटक चाली. पहिली बाराएक मिनिटं कष्टाची आहेत आणि कितव्यांदा ऐकली तरी थोडी कष्टाचीच राहतात, असं माझं प्रामाणिक मत. मग अचानक हाऊ साध्या गिटारवर येतो, अँडरसन गायला लागतो आणि सगळं स्वच्छ होतं. 'लीव्हज ऑफ ग्रीन' म्हणून हा शेवटचा तुकडा स्वतंत्रपणे वाजवला जातो. आधीचा खडबडीतपणा नसता तर तो इतका गोड लागला असता का, यावर चाहत्यांमध्ये दोन तट आहेत.

चौथी, 'रिच्युअल', २१ मिनिटांची. बासचा मोठा एकल भाग, मग ड्रम आणि तालवाद्यांचं रीतसर युद्ध, त्यातून वर येणारी शांत फ्रेंच ओळ, 'आपण सूर्याचे आहोत' अशा अर्थाची. मंचावर या युद्धात गायकासकट बाकीचेही ढोल बडवायला उतरायचे. अल्बमची टवाळी चालू होती तेव्हाही ही बाजू बँडने कार्यक्रमांत बराच काळ टिकवली, यातच तिचं बळ दिसतं.

काय बदललं?

पहिली गोष्ट, डबा बदलला. १९८२मध्ये सीडी आली, तिच्यावर ७४ मिनिटं मावत. ८१ मिनिटांचा हा अल्बम तिच्यावरही मावला नाही, पुन्हा दोन चकत्या लागल्या! पण दर वीस मिनिटांनी उठून बाजू पालटणं कमी झालं, आवाज उतरवण्याची गरज संपली. २००३च्या आवृत्तीत पहिल्या बाजूची कापलेली सुरुवात, लाटांसारख्या ध्वनीची दोनेक मिनिटं, परत जोडली गेली. त्या दोन मिनिटांनी मंत्रासारख्या सुरुवातीला पाया मिळतो, असं माझ्या कानाला वाटतं. काहींना मात्र ती सुरुवात थेट हवी असते.

दुसरी गोष्ट, २०१६चं नवं मिश्रण. इथे दोन शब्दांमधला घोळ सोडवू. 'रीमास्टर' म्हणजे तयार झालेली भाजी पुन्हा गरम करून मीठ-मसाला नीट करणं. 'रीमिक्स' म्हणजे चिरलेल्या भाज्या वेगळ्या काढून पुन्हा फोडणीपासून सुरुवात करणं. अशा वेळी मूळ चोवीस ट्रॅकच्या टेपांवर प्रत्येक वाद्य जवळपास सुटं मिळतं. पॉर्क्युपाइन ट्री बँडचा स्टीव्हन विल्सन याने त्या टेपांवरून अल्बम पुन्हा मिसळला, स्टीरिओ आणि चहूबाजूंनी येणाऱ्या ध्वनीतही. जुन्या मिश्रणात अनेक ठिकाणी वाद्यं एकमेकांवर चढलेली होती. दोन गिटार आणि तीन कीबोर्ड एकाच धुक्यात. नव्यात थर वेगळे ऐकू येतात. 'काहीच घडत नाही' असं वाटणाऱ्या जागी खाली काहीतरी चाललेलं होतं हे पुष्कळांना तेव्हा प्रथम कळलं. जुन्या चाहत्यांमध्ये असेही आहेत ज्यांना ते धुकंच हवं आहे. त्यांचं चूक म्हणता येत नाही. चाळीस वर्षं ज्या धुक्यात वावरलो ते विरलं की ओळखीचं घर परकं वाटतं.

तिसरी गोष्ट, बँडनेच तो पुन्हा वाजवला. १९९६मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पोत जुने पाच जण एकत्र आले तेव्हा पहिली बाजू कार्यक्रमात होती आणि कीबोर्डवर चक्क वेकमन होता. २०१६च्या अमेरिकेच्या दौऱ्यात पहिली आणि चौथी बाजू पूर्ण, तिसऱ्यातलं 'लीव्हज ऑफ ग्रीन', अशी निवड झाली. स्क्वायर आदल्या वर्षी, जून २०१५मध्ये, गेला होता. बास बिली शेरवुडकडे होता, गायक जॉन डेव्हिसन. मूळ पाचांपैकी ठामपणे उभा होता तो हाऊ.

या निवडीकडे नीट पाहिलं की लक्षात येतं, दुसरी बाजू नाही आणि तिसरीचा कष्टाचा भाग नाही. २०२३-२४च्या दौऱ्यांत तर येसने अल्बममधले तुकडे जोडून वीसेक मिनिटांची एक माळ वाजवली. वेकमन १९७४मध्ये जी कात्री मागत होता ती अखेर वेकमन नसलेल्या बँडने, अल्बमचा सर्वात मोठा पाठीराखा हाऊ मंचावर असताना, हाती घेतली.

नव्याने ऐकणार असाल तर

चारही बाजू एका बैठकीत ऐकायचा हट्ट धरू नका. त्या तशा ऐकायच्या म्हणून कधी बनल्याच नव्हत्या. मध्ये तबकडी पालटायला उठणं गृहीतच होतं. आधी पहिली बाजू, दोन-तीन दिवसांत दोन-तीनदा, जुन्या नव्हे, विल्सनच्या मिश्रणात. ध्रुवपदासारखा चरण गुणगुणता यायला लागला की चौथी. मग तिसरीचा शेवट. शब्दांचा अर्थ लावायला बसू नका आणि श्रुती-स्मृती शोधायला तर अजिबात नको.

चाहत्यांमध्ये एक खेळ चालतो: ८१ मिनिटांतून एका तबकडीपुरती, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं निवडायची. माझ्या निवडीत पहिली बाजू अख्खी येते, मग 'लीव्हज ऑफ ग्रीन', मग 'रिच्युअल'मधलं ढोलांचं युद्ध थोडं आखडून. दुसऱ्या बाजूपाशी मात्र खेळ अडतो. मेलोट्रॉनच्या सर्वात देखण्या जागा तिथेच आहेत आणि वेकमन म्हणतो ते भरताडही तिथेच, इतकं मिसळलेलं की एक काढायला गेलं तर दुसरं सोबत येतं. कुणाला ते सुटं करता आलं असेल तर कुठे कापलंत ते जरूर कळवा.